मोहबोडीचा अर्ज

"यात आमची बोडी कोठं हाय, बाई?"

भिंतीवरच्या नकाशाला हात न लावता, बोट हवेतच धरून त्या उभ्या होत्या. गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि हरकत घेऊन आलेलं त्या दिवसातलं ते पहिलंच माणूस होतं.

बोडी म्हणजे इकडं लहान तलाव, एवढं मला ठाऊक होतं. मी खुर्चीवरून उठले. "कुठली बोडी, मावशी?"

"मोहबोडी. रिंगरोडाच्या पल्याड, इटभट्टीच्या मांगं."

"या नकाशात शहरातले एकतीस तलाव आहेत. खाली नावांची यादी दिलीय, बघा."

"यादी वाचून दाखोली मले दयारामानं, माया पोरानं. तिच्यात नाई म्हून तं आली."

त्यांचं नाव गिरजाबाई वलथरे. वय पन्नाशीच्या पुढे असेल. कासोट्याचं लुगडं, पायात रबरी चपला, आणि बोटांची टोकं काळी पडलेली. तो रंग शिंगाडा सोलून येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सव्वीस वर्षांची होते, कराडहून पूर्व विदर्भातल्या या शहरात येऊन मला सव्वा वर्ष झालं होतं. महापालिकेच्या तलाव कक्षात मी कंत्राटावर होते. उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून शहरातले तलाव शोधायचे, त्यांच्या हद्दी आखायच्या, यादी करायची, हे काम. यादीत आलेल्या तलावावर बांधकामाला परवानगी नाही, शिवाय त्याचा गाळ काढायला, पाळ बांधायला, त्यात येणारं सांडपाणी वळवायला निधी. यादीत नसलेल्या जागेला यातलं काहीच लागू नाही. प्रारूप यादी लागली होती आणि तिच्यावर हरकती घ्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

यादी मी केली होती. सह्या साहेबांच्या होत्या, पण रेघ न् रेघ माझी.

मी गिरजाबाईंना शेजारी बसवलं आणि संगणकावर ती जागा काढली. नोव्हेंबरच्या चित्रात तिथं भडक लाल डाग होता. आमच्या त्या चित्रांत पाणी काळं दिसतं आणि हिरवं पान लाल. डाग मोठा होता, दहाएक एकरांचा. मी त्याच्यावर 'शेती व झाडोरा' असं लिहिलेलं होतं.

"इथं पीक आहे, मावशी. पाणी दिसत नाही."

त्या पडद्याकडे वाकल्या. "पानी कसं दिसंल? वरतून शिंगाड्याचा वेल हाय न. दिवाळीच्या टायमाले पानी दिसलं तं समजा वेल मेला."

मी मे महिन्याचं चित्र काढलं. तिथं राखाडी रंग होता, कोरड्या जमिनीचा.

"मे मदी आटते," त्या म्हणाल्या. "गाळ रायते नुसता."

"मग उघडं पाणी असतं कधी?"

"आखाडीपासून पोळ्यापावतर. लबालब रायते. वेल लावतो न आमी त्याच्यात, पोळ्यानंतर तो झाकते."

आखाडी ते पोळा. म्हणजे जुलै, ऑगस्ट. त्या दोन महिन्यांत या शहरावरून उपग्रह दहा-बारा वेळा जातो आणि दर वेळी त्याला ढगच दिसतात. म्हणून तर आम्ही पावसाळ्याची चित्रं वापरलीच नव्हती. पाणी होतं तेव्हा ढग होते. ढग गेले तेव्हा पानं होती. पानं गेली तेव्हा पाणी नव्हतं. आमच्या नकाशाला मोहबोडी कधी दिसणंच शक्य नव्हतं.

हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मी ते बोलले नाही.

गिरजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून रेघांच्या वहीचा एक कागद काढला. दयारामच्या हातचा अर्ज होता. अक्षर मोठं, सरळ. 'आमची मोहबोडी यादीत घ्यावी. आम्ही ढिवर समाजाची सात घरे पिढ्यानपिढ्या तिच्यात शिंगाडा लावतो व मासळी धरतो.' खाली चार सह्या, तीन अंगठे.

"शिक्का मारून देता का, जी?"

"आधी जागा बघते. उद्या सकाळी येते. मग मारते," मी म्हणाले, आणि अर्ज खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून गेले. वीटभट्टी ओलांडल्यावर मातीची लांब पाळ दिसली, तिच्यावर मोहाची तीन जुनी झाडं. पाळीवर चढले तर पलीकडं सगळं हिरवं. पाणी मलाही दिसलं नाही. जमिनीवर उभं राहूनसुद्धा मी तिथं शेती आहे असंच म्हटलं असतं.

गिरजाबाईंनी मला डोंग्यात घेतलं. लाकडाची अरुंद होडी ती, दोन बायका समोरासमोर बसल्या की भरली. त्या वेल उचलायच्या, उलटा करायच्या, खालची शिंगाडी तोडून मागं टाकायच्या आणि वेल अलगद परत पाण्यावर ठेवायच्या. वेल उचलला की खाली काळंभोर पाणी, ठेवला की पुन्हा हिरवं. असं त्या बोलत बोलत करत होत्या, हाताकडं न बघता.

"हा बांबू घ्या. टाका खालतं," मधोमध आल्यावर त्या म्हणाल्या.

मी बांबू सोडला. तो माझ्या उंचीच्या वर हातभर गेला आणि गाळात रुतला.

"आता दिसली का बोडी?"

"दिसली," मी म्हणाले.

परत येताना पाळीच्या पायथ्याशी मला दगडी खुंट दिसले. ओळीनं रोवलेले, डोक्यावर लाल रंग. मोजणीचे खुंट होते ते. प्लॉट पाडायच्या आधी असेच लावतात.

"हे कधी लागले?"

"तुमची यादी लागली न भितीवर, त्याच्या आठ दिवसानं," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. मी तारीख विचारली होती, त्यांनी तारीख सांगितली.

पाळीवर बसून त्यांनी मला उकडलेले शिंगाडे दिले आणि माझं गाव विचारलं. घरी कोण कोण, आई काय करते, लग्न कधी करणार. मग आपल्याबद्दल सांगितलं. त्यांचं माहेर शिंदीतलावावरचं. भाऊ, भाचे, चुलते सगळे अजून तिथंच. "मोठा तलाव हाय तो. तिथची पोरगी इतल्या बोडीत देली म्हून माही माय रडली होती," असं म्हणून त्या हसल्या.

मी ऑफिसात पोचले ती थेट देवस्थळे साहेबांच्या खोलीत गेले.

देवस्थळे आमच्या कक्षाचे प्रमुख. निवृत्तीला त्यांना वर्ष राहिलं होतं. मला या कामातलं जे काही येत होतं ते त्यांनी शिकवलेलं होतं. तलावांची यादी व्हावी म्हणून त्यांनी सहा वर्षं फायली फिरवल्या होत्या, दोन आयुक्तांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. माणूस सरळ होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून त्यांच्यावर खापर फोडणं सोपं आहे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्रं मागवून घेतली, चष्मा वर करून बघितली.

"बरोबर आहे तुझं. चुकलंय आपलं," ते म्हणाले. "अर्जावर शिक्का पडलाय?"

"नाही. माझ्या खणात आहे."

"सोमवारी शिंदीतलावाची सुनावणी आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होती. शिंदीतलाव शहरातला सगळ्यात मोठा. त्याच्या काठची नऊ एकर जागा आपल्या मालकीची आहे, ती तलावाच्या हद्दीत घेतली हे चूक, असा दावा एका जमीनमालकानं केला होता. त्याचा वकील नागपूरहून येणार होता. त्याचं म्हणणं एकच, की उपग्रहाच्या चित्रावरून ओलं कोणतं आणि कोरडं कोणतं हे ठरवताच येत नाही.

"त्या वकिलानं हरकतींचं रजिस्टर मागितलंय. सोमवारी सकाळी त्याला प्रत द्यावी लागेल," देवस्थळे म्हणाले. "त्यात हा अर्ज असला तर तो काय म्हणेल? यांच्या नकाशाला दहा एकरांचं अख्खं तळं दिसत नाही, आणि हे माझ्या अशिलाची नऊ एकर ओली ठरवतात. मग शिंदीतलाव गेला. तो गेला की बाकीच्या तीसांवरही एकेक करून दावे उभे राहतील."

"पण सर, मोहबोडीचं काय?"

"दुसऱ्या टप्प्यात घेऊ. वर्षभरात दुसरी यादी निघेल."

"खुंट लागलेत तिथं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पिसाळ, मी तुला अर्ज दाबून ठेव असं सांगणार नाही. तसं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या बाईंशी बोल. त्यांना समजावून सांग. त्या थांबायला तयार असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर उद्या पाचच्या आत शिक्का मार, सोमवारी जे व्हायचं ते होईल."

मला ते न्याय्य वाटलं. ज्यांची बोडी त्यांनाच विचारायचं, यात वावगं काय, असं मी मनाशी म्हणाले. रात्री झोपही चांगली लागली.

शनिवारी सकाळी मी अर्ज पर्समध्ये घालून गिरजाबाईंच्या घरी गेले. अंगणात शिंगाड्यांचा ढीग होता आणि त्या विळीवर ते सोलत बसल्या होत्या. दयाराम बाजारात गेला होता. मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले आणि सुनावणीचं सगळं समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, काही लपवलं नाही. वकील, रजिस्टर, नऊ एकर, तीस तलाव. विळीचा आवाज फक्त चालू होता.

मग मी विचारलं, "शिंदीतलावावर घरं किती आहेत, मावशी, आपल्या लोकांची?"

"दीडशेच्या वर असतीन."

"आणि मोहबोडीवर?"

त्यांनी हात थांबवला. "सात."

हे प्रश्न मी याच क्रमानं विचारले. दोन्हींची उत्तरं मला आधीच माहीत होती.

"दुसऱ्या यादीत मोहबोडी घेऊ म्हणतात साहेब. वर्षभरात."

"वरीसभर ते लाल गोटे थांबतीन का?"

"मी लक्ष ठेवीन," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता. एखाद्या पाहुण्याला काय हवंय हे ओळखायचा प्रयत्न करावा तसं बघत होत्या. मग त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि पुढे केले. मी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची चौघडी घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "च्या ठेवू का?"

मी चहा घेतला. संध्याकाळी पाच वाजता हरकतींचं रजिस्टर बंद केलं. त्यात चौदा नोंदी होत्या. मोहबोडीची नव्हती.

सोमवारी सुनावणी झाली. अधिकारी एक शांत बाई होत्या, सगळं स्वतः लिहून घेणाऱ्या. वकिलानं तासभर मला उभं केलं. चित्र कोणत्या तारखेचं, ढग किती, एका ठिपक्यात किती जमीन मावते. मी उत्तरं देत गेले. तयारी चांगली होती माझी. शेवटी तो खाली बसला आणि अधिकारी बाईंनी पेन टेबलावर ठेवून स्वतः विचारलं, "मॅडम, मला एवढंच सांगा. तुमच्या या पद्धतीत एखादा तलाव सुटल्याचं आजवर आढळलंय का?"

देवस्थळे माझ्या मागच्या बाकावर होते, मला ते दिसत नव्हते.

"नोंदीवर एकही नाही," मी म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं.

परत येताना जीपमध्ये देवस्थळे खिडकीबाहेर बघत होते. कचेरी आल्यावर म्हणाले, "चहा घेशील?" मी नको म्हणाले. त्यावर आम्ही नंतर कधीच बोललो नाही.

शिंदीतलाव वाचला. दावा फेटाळला गेला, यादी अंतिम झाली, निधी आला. तीन वर्षांत त्या तलावाची पाळ नवी झाली, दोन नाले वळवले गेले, हिवाळ्यात बदकं येऊ लागली. त्या कामावर मला पुढची नोकरी मिळाली, तिच्यावरून त्याच्या पुढची. आज राज्यभरातल्या शहरांच्या तलावांचं मोजमाप जिथं होतं त्या कार्यालयात मी वरच्या जागेवर आहे.

मोहबोडी मी उपग्रहातून बघत होते. लक्ष ठेवीन म्हणाले होते, ते ठेवलं. पहिल्या वर्षी लाल डाग होता. दुसऱ्या वर्षी तो एका कडेनं तपकिरी झाला, म्हणजे मुरूम पडायला लागला. तिसऱ्या वर्षी त्यावर आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा आल्या, रस्त्यांच्या. दुसरी यादी निघाली तेव्हा तिथं नोंदवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

कामात मात्र त्या चुकीचा उपयोग झाला. पावसाळ्यात ढगांच्या आरपार बघणारी रडारची चित्रं आम्ही वापरू लागलो. काठावरच्या माणसांना विचारल्याशिवाय यादी पुढं न पाठवण्याचा नियम मी केला. नव्या मुलांना शिकवताना मी मोहबोडीची तिन्ही चित्रं दाखवते, पाणी-ढग-पान समजावून सांगते, आणि म्हणते की नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही असं धरू नका. मुलं लिहून घेतात. अर्जाचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात, म्हणजे त्या सुनावणीनंतर अकरा वर्षांनी, शिंदीतलावाच्या हद्दीची फेरतपासणी होती. ती मी कुणावर तरी सोपवू शकले असते. मी गेले. पाळीवरून चालताना एका झाडाखाली काही बायका जाळी विणत बसलेल्या दिसल्या. त्यातल्या एकीनं मान वर केली.

"पिसाळबाई न तुमी?"

केस पूर्ण पांढरे झाले होते, पण बोटं तशीच चालत होती. मी खाली बसले. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली, लग्न झालं का विचारलं, मुलगी आहे म्हटल्यावर तिचं नाव विचारलं. सातपैकी चार घरांना इथल्या मच्छीमार संस्थेनं सामावून घेतलं होतं, गिरजाबाईंच्या माहेरच्या ओळखीनं. बाकीची तीन कामाला नागपूरला गेली होती.

"तलाव राह्यला न बाई," त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या. "आमच्या बोडीनं याले वाचोलं, असं मी मनाले सांगत असतो."

मला उठून जाता आलं असतं. तपासणीची माणसं पुढं वाट बघत होती.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "तसं झालं नाही."

आणि मग मी त्यांना ते सांगितलं, जे मी देवस्थळ्यांशीही कधी बोलले नव्हते.

सुनावणीनंतर तीन आठवड्यांनी निकालाची प्रत आली होती. चार पानं. शिंदीतलावाची हद्द त्या अधिकारी बाईंनी आमच्या नकाशावरून ठरवलीच नव्हती. कुठल्या गावाला कुठल्या पाण्यावर काय हक्क आहे, याची इंग्रजांच्या काळापासूनची सरकारी नोंद असते, निस्तारपत्रक म्हणतात तिला. बाईंनी ते मागवून घेतलं होतं. त्यात शिंदीतलावाचं पाणी कुठपर्यंत चढतं ते खुणांसकट लिहिलेलं होतं. निकाल त्याच्यावर दिला होता. माझ्या नकाशाबद्दल एकच ओळ होती, की तो या निष्कर्षाशी विसंगत नाही. अर्जाला शिक्का मारला असता, वकिलानं तो वाचून दाखवला असता, मी सुनावणीत चूक कबूल केली असती, तरी शिंदीतलाव वाचलाच असता.

निकाल वाचल्यावर मी अभिलेख कक्षात जाऊन ते निस्तारपत्रक काढायला लावलं होतं. त्याच गठ्ठ्यात, दोन पानं पुढं, मोहबोडी होती. 'ढिवरांस शिंगाडा व मासळीचा हक्क', शाई फिकी झालेली. मी ते वाचलं आणि गठ्ठा कारकुनाला परत दिला.

"तवा मुरूम पडला होता का बोडीत?" गिरजाबाईंनी विचारलं.

"नाही. प्लॉटांच्या मंजुरीला अजून सात महिने होते."

जाळ्याची सुई त्यांच्या हातात थांबली होती.

"मंग आल्या काहून नाई?"

या प्रश्नाचं उत्तर मी अकरा वर्षं तयार ठेवलं होतं. कंत्राट संपत आलं होतं, यादी राजपत्रात गेली होती, नव्यानं अर्ज तुम्हालाच करावा लागला असता. सगळं खरं होतं ते.

"आले असते तर शनिवारी मी काय केलं ते तुम्हाला सांगायला लागलं असतं," मी म्हणाले. "मी तुम्हाला विचारायला आले नव्हते. तुमच्याकडून हो घेऊन जायला आले होते."

"ते मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तवाच."

मग जाळं बाजूला सारून, गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"घरी चला. हे दयारामाले सांगा लागते."

"तुम्ही सांगाल का?"

"नाई. म्या सांगतलं तं त्याले खरं वाटनार नाई. म्या एकडाव खोटं सांगतलं हाय त्याले." चपला पायात घालत त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्ज सरकारानं नामंजूर केला, असं सांगतलं होतं म्या साती घरी. म्याच हो म्हटलं, असं कसं सांगू? भासरा, मालकाचा मोठा भाऊ, मेला तवा पावतर म्हनत होता, सरकारानं घेतली बोडी. म्या आयकून घेतलं."

मी त्यांच्या मागं चालू लागले. तपासणीच्या माणसांना फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं.

घर पाळीच्या खालच्या अंगाला होतं. दयाराम चाळिशीचा, आईसारख्याच सडसडीत अंगाचा. त्यानं मला ओळखलं नाही. गिरजाबाईंनी त्याला आणि सुनेला अंगणात बोलावलं, शेजारच्या तीन घरांत निरोप धाडला. सातआठ माणसं जमली. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली तशी गिरजाबाईंनी खाट पुढं ओढली.

"बसून सांगा. लंबं हाय ते."

मी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. खण, शिक्का, शनिवारचे दोन प्रश्न, सोमवारचं उत्तर, निकाल, गठ्ठा. आपल्या आईचा भाग आला तेव्हा दयारामनं तिच्याकडे एकदा बघितलं. गिरजाबाईंनी नजर चुकवली नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

माझं बोलणं संपल्यावर दयाराम म्हणाला, "खालच्या अंगाले दीड एकर अजून मोकळं हाय तिथं, मॅडम. पाळीपाशी. अजूनही पानी साचते. आता प्लॉटवाल्याईनं त्याच्यावर इमारत काढाले घेतली हाय. आमी हरकत घेतली तं म्हनते, इथं बोडी होती याले पुरावा काय?"

"निस्तारपत्रक आहे. गठ्ठ्याचा क्रमांक मी देते," मी म्हणाले.

"थो तं हाय. पन तुमची यादी हाय न त्याईच्यापाशी. उपग्रहातून पाहून सरकारानं ठरोलं का इथं तलाव नाई, असं दाखोते ते साऱ्याईले." तो माझ्याकडे सरळ बघत होता. "आता जे सांगतलं ते लिहून देता का?"

ते लिहून देणं म्हणजे काय, हे त्या अंगणात फक्त मला नीट माहीत होतं. सुनावणीत दिलेलं उत्तर खोटं होतं असं सहीनिशी कबूल करायचं. मी आज ज्या खुर्चीत आहे तिथपर्यंत मला आणणारी पहिली पायरी तीच सुनावणी होती. वकिलाला विचारते, चार दिवसांनी पाठवते, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं.

"कागद द्या," मी म्हणाले.

सुनेनं आतून एक कोरा फुलस्केप आणला आणि खाली धरायला परात दिली. तोपर्यंत गिरजाबाई माझ्याजवळ खाटेवर येऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या कागदाकडे बघत होत्या.

मी वर तारीख घातली. त्याखाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि कार्यालय लिहिलं. मग पहिलं वाक्य लिहिलं: 'मोहबोडी हा तलाव यादीतून सुटल्याचे मला सुनावणीच्या आधी माहीत होते.'

"वाचून दाखवा," गिरजाबाई म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पुढचं लिहा."